बोटीच्या कठड्यावरील सौर पॅनेल : कोनाचा लाभ आणि बिजागरीचे काम

समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या शिडाच्या बोटीवर रात्रभर एक पांढरा दिवा जळत ठेवावा लागतो. सागरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतील ही अट आहे आणि ती केवळ कागदोपत्री नाही. अंधारात दिवा नसलेली दहा मीटरची बोट मालवाहू जहाजाच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वातच नसते. या दिव्याखेरीज व्हीएचएफ रेडिओ, स्वतःचे स्थान इतर नौकांना कळवणारी एआयएस यंत्रणा, जीपीएस, खोली मोजणारे यंत्र, शीतपेटी आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे तळाशी झिरपणारे पाणी उपसणारा पंप, हे सारे एकाच बॅटरीसंचावर चालते. किनाऱ्यावर वीज गेली तर गैरसोय होते. बोटीवर बॅटरी संपली तर हा पंप थांबतो.

बॅटरी भरण्याचा जुना मार्ग म्हणजे इंजिन चालू करणे. परंतु केवळ विजेसाठी डिझेल इंजिन मंद गतीने तासन्‌तास चालवणे खर्चिक असते, कर्कश असते आणि इंजिनाच्या आरोग्यालाही बाधक असते. म्हणूनच लांबच्या सफरीवर जाणाऱ्या लहान नौकांवर सौर पॅनेल ही आता चैनीची वस्तू उरलेली नाही. प्रश्न एवढाच, की ते बसवायचे कोठे?

घराच्या छपरावर जागा असते आणि ते छप्पर हलत नाही. शिडाच्या बोटीवर दोन्ही गोष्टी नसतात. डेकवर डोलकाठी, शिडाचा आडवा दांडा, दोरखंड, झडपा आणि माणसांचे पाय यांची दाटी असते. डेकला चिकटवलेल्या पातळ पॅनेलवर माणसे चालतात, त्याच्याखाली हवा खेळत नाही आणि त्यावर शिडाची सावली पडते. मागील बाजूस पोलादी कमान उभारून तिच्यावर पॅनेले बसवता येतात, मात्र अशी कमान महाग, जड आणि लहान बोटीवर बोजड ठरते. उरतो तो बोटीच्या कडेने फिरणारा कठडा. त्यावर बिजागरीने पॅनेल अडकवायचे, खालून सरकत्या दांड्यांचा टेकू द्यायचा आणि गरजेनुसार ते आडवे, तिरके किंवा उभे करायचे, ही पद्धत त्यामुळेच लोकप्रिय झाली.

तिचे समर्थन करताना बहुधा सूर्याचा पाठलाग करता येतो, हा मुद्दा पुढे केला जातो. तो खरा आहे. परंतु किती खरा, हे आपण कोणत्या अक्षांशावर आहोत यावर अवलंबून आहे.

पॅनेलवर सूर्यकिरण लंबरूप पडले की त्याला पूर्ण प्रकाश मिळतो आणि किरण जसजसे तिरपे होतात तसतसा कोसाइनच्या नियमाने तो घटतो. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या आसपास मध्यान्हीचा सूर्य तेथे माथ्यापासून सुमारे ४२ अंश दक्षिणेला कललेला असतो. त्या वेळी सपाट ठेवलेल्या पॅनेलला थेट प्रकाशाचा सुमारे ७४ टक्के हिस्सा मिळतो. कोचीत, १० अंश अक्षांशावर, हाच आकडा ८३ टक्क्यांच्या घरात जातो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउदॅम्प्टन बंदरात मात्र त्या दिवशी मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर येतो आणि सपाट पॅनेलच्या वाट्याला अवघा २७ टक्के प्रकाश उरतो. तेथे पॅनेल सूर्याकडे वळवले, तर थेट प्रकाश जवळजवळ चौपट होतो. उत्तर युरोपातील नाविकांना कलते पॅनेल एवढे प्रिय का, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

उन्हाळ्यात आपल्याकडील चित्र आणखी बदलते. मुंबईत मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो. छपरावरील पॅनेले दक्षिणेकडे झुकवण्याची आपल्याला सवय आहे आणि वर्षभराच्या हिशेबाने ती योग्यही आहे; पण जूनमध्ये २० अंश दक्षिणेकडे झुकवलेले पॅनेल मध्यान्ही सपाट पॅनेलपेक्षा सुमारे ९ टक्के कमी प्रकाश घेते. भारतीय किनाऱ्यावरील बोटीसाठी सपाट पॅनेल हा वाईट पर्याय नाही, हे आधी मान्य करायला हवे.

केरळातील ‘आदित्य’ ही सौर प्रवासी बोट याचे ठळक उदाहरण आहे. वैकम ते तवणक्कडवू या जलमार्गावर जानेवारी २०१७ मध्ये सुरू झालेल्या या ७५ आसनी बोटीच्या छपरावर सुमारे २० किलोवॅट क्षमतेची पॅनेले पक्की बसवलेली आहेत. ती कोणी सूर्याकडे फिरवत बसत नाही. रुंद छप्पर, कमी अक्षांश आणि दिवसभराच्या फेऱ्या असल्यामुळे तेथे कलत्या पॅनेलची गरजच उरत नाही. शिडाच्या बोटीला ते भाग्य नाही. तिच्याकडे छप्पर नाही आणि डोलकाठीची सावली सतत फिरत असते.

मग भारतीय पाण्यात कोन बदलण्याचा उपयोग काय? तो मुख्यतः सकाळ-संध्याकाळी आणि हिवाळ्यात आहे. सूर्य क्षितिजापासून १५ अंश वर असताना सपाट पॅनेलला थेट प्रकाशाचा चौथा हिस्सा मिळतो, तर त्याच्याकडे वळवलेल्या पॅनेलला पूर्ण. सकाळचे किरण वातावरणाच्या जाड थरातून येत असल्याने मुळात क्षीण असतात, म्हणून प्रत्यक्ष कमाई कागदावर दिसते तेवढी होत नाही. तरीही रात्रभर दिवा, शीतपेटी आणि रेडिओ चालवून अर्धवट रिकाम्या झालेल्या बॅटरीला सकाळी आठपासूनच प्रवाह मिळू लागणे, ही जमेची बाजू असते.

येथे एक अडचण येते. नांगरावरील बोट आपले तोंड वाऱ्याकडे करते आणि वारा बदलला की तीही वळते. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तेव्हा बोटीची नाळ पूर्वेकडे असते. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि बोट पश्चिमेकडे तोंड करते. म्हणजे सकाळी सूर्य पुढे, दुपारीही सूर्य पुढेच! मागील कठड्यावर मोठ्या हौसेने बसवलेले आणि मागे झुकवलेले पॅनेल अशा दिवशी सकाळी पश्चिमेकडे व दुपारी पूर्वेकडे पाहत बसते. दोन्ही वेळा सूर्य त्याच्या पाठीशी असतो. ते सपाट ठेवणेच शहाणपणाचे.

बाजूच्या कठड्यांचे गणित वेगळे आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. सकाळी पूर्वाभिमुख बोटीची उजवी बाजू दक्षिणेला असते आणि दुपारी पश्चिमाभिमुख झाल्यावर डावी. त्यामुळे दोन्ही बाजूंना एकेक पॅनेल असेल तर सकाळी उजवे खाली झुकवावे व डावे आडवे ठेवावे, आणि दुपारी बोट वळल्यावर उलट करावे. दिवसातून दोनदा एवढेच काम आहे. खाडीच्या मुखाशी भरती-ओहोटीचा प्रवाह वाऱ्यावर मात करतो आणि बोटीची दिशा त्यानुसार ठरते. तेथे हे वेळापत्रक चालत नाही आणि पॅनेले आडवी ठेवून निश्चिंत राहणे बरे. दर तासाला कोन दुरुस्त करणारा उत्साही नाविक पहिल्या आठवड्यानंतर सहसा तसे करत नाही.

बोट चालू असताना तर सूर्याचा पाठलाग हा प्रकार निरर्थकच होतो. शिडांवर चालणारी बोट १५ ते २० अंश एका बाजूला कलते, दिशा बदलली की दुसऱ्या बाजूला कलते आणि शिडांची सावली एका कठड्यावर कायम पडते. सागरी परिक्रमेवर निघालेल्या नौकेचा विचार केला, तर प्रश्न आणखी विस्तारतो. भारतीय नौदलाच्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. यांनी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघून २९ मे २०२५ रोजी तेथेच पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. अशा मार्गावर नौका १५ अंश उत्तरेहून केप हॉर्नच्या ५६ अंश दक्षिणेपर्यंत जाते. दक्षिण गोलार्धाच्या त्या भागात मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला दिसतो. एकाच कोनात व एकाच दिशेला पक्के केलेले पॅनेल अशा प्रवासात अर्धा काळ चुकीच्या आकाशाकडे पाहत राहील.

सावलीचा मुद्दा कोनाइतकाच गंभीर आहे, किंबहुना अधिक. नेहमीच्या १२ व्होल्टच्या पॅनेलमध्ये ३६ सौरघट एकापुढे एक साखळीने जोडलेले असतात. साखळीतील एका घटावर सावली पडली की संपूर्ण साखळीचा प्रवाह रोखला जातो. यावर उपाय म्हणून पॅनेलच्या पाठीमागील पेटीत सहसा दोन बायपास डायोड असतात आणि ते सावलीतील अर्धा भाग वगळून उरलेल्या अर्ध्या भागाचा प्रवाह चालू ठेवतात. परंतु वगळल्यानंतर उरलेला दाब १२ व्होल्टची बॅटरी भरण्यास पुरेसा राहत नाही. म्हणून शिडाच्या दोराची किंवा वाळत घातलेल्या टॉवेलची सावलीदेखील तिच्या आकारापेक्षा कितीतरी मोठे नुकसान करते. कठड्यावरील पॅनेल बोटीच्या बाहेरच्या बाजूला असल्याने सावलीतून बरेचसे सुटते, हा त्याचा खरा फायदा आहे. शिवाय खालून वारा लागत असल्याने ते डेकवरील पॅनेलपेक्षा थंड राहते. घटांचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर एकेक अंशाने वाढते तसे उत्पादन सुमारे ०.४ टक्क्याने घटते, हे लक्षात घेता ही थंडी मोलाची आहे.

याच कारणाने डाव्या आणि उजव्या कठड्यावरील पॅनेले एकापुढे एक जोडू नयेत. दोघांवरील प्रकाश क्वचितच सारखा असतो आणि साखळीत दुर्बळ पॅनेल सबळ पॅनेललाही खाली ओढते. दोघांना स्वतंत्र एमपीपीटी नियंत्रक द्यावा, हे उत्तम. ते परवडत नसेल तर किमान समांतर जोडणी करावी. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. बिजागरीपाशी तार रोज वाकते, म्हणून तेथे बहुतारी, लवचीक केबल वापरून तिला सैल वळसा द्यावा. ताणून बांधलेली तार काही महिन्यांत आतल्या आत तुटते आणि बाहेरून ती धडधाकटच दिसते.

अशा व्यवस्थेतून किती वीज मिळते? १०० वॅटची दोन पॅनेले निरभ्र दिवशी, उष्णता, सावली व जोडणीतील गळती वजा जाता, साधारण ६०० ते ७०० वॅट-तास देतात. १२ व्होल्टच्या बॅटरीत ही भर ५० ते ६० अँपिअर-तासांची होते. एक एलईडी नांगर-दिवा, रेडिओ, एआयएस, पंप आणि लहान शीतपेटी एवढ्यात भागते. एअर कंडिशनरचे नाव काढू नये.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. कठडा हा मुळात माणसासाठी असतो. डेकपासून सुमारे ६० सेंटिमीटर उंचीचे उभे खांब आणि त्यांतून ओवलेल्या पोलादी तारा, ही बोटीवरील माणूस आणि समुद्र यांच्यामधील अखेरची ओळ आहे. त्या खांबाला पॅनेलने वाकवले, त्याच्या बुडाचे बोल्ट सैल केले किंवा डेकमध्ये पाणी झिरपू दिले, तर नुकसान पॅनेलपुरते राहत नाही. रात्री तोल जाऊन त्याच कठड्याला धरणाऱ्या माणसाच्या हातात खांब उपटून येऊ शकतो.

भाराचा हिशेब करून पाहू. १०० वॅटच्या काचेच्या पॅनेलचे क्षेत्रफळ सुमारे ०.६ चौरस मीटर आणि वजन सहा ते आठ किलो असते. वजन ही चिंतेची बाब नाही. वारा आहे. २० नॉट वेगाचा वारा पॅनेलवर समोरून आदळला तर सुमारे पाच किलोचा जोर येतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ४० नॉटला तो १८-२० किलो आणि ६० नॉटला ४० किलोच्या वर जातो. हा जोर झटक्यांनी येतो आणि बाहेर काढलेल्या पॅनेलच्या खालून शिरलेला वारा त्याला पंखासारखे उचलू पाहतो. पाणी हवेपेक्षा आठशेपटींहून अधिक घन असते. सेकंदाला अवघे तीन मीटर वेगाने आलेली लाट त्याच पॅनेलवर सपाट आदळली तर तीनशे किलोहून अधिक भार पडतो. एवढा भार कोणताही क्लॅम्प, कोणताही खांब सहन करणार नाही आणि त्याने तो करावा अशी अपेक्षाही नाही. लाट येण्यापूर्वी पॅनेल तेथे नसले पाहिजे.

बिजागरीचे पहिले काम हेच आहे. भारतीय अक्षांशांत तिच्यामुळे मिळणारा प्रकाशाचा लाभ मर्यादित असला, तरी वारा वाढताच पॅनेल खाली पाडून कठड्याला लगटून बांधता येणे, हा लाभ अमर्याद आहे. म्हणून कठड्यावरील व्यवस्था निवडताना ती किती कोनांत थांबते यापेक्षा एका माणसाला, एका हाताने, हलत्या डेकवर, अंधारात ती किती वेळात मिटवता येते, हे आधी पाहावे. दुसरा हात बोटीला धरण्यासाठी लागतो. अगदी खराब हवामानात मिटवलेले पॅनेलही लाट अडवते. तेव्हा ते सुटे करून आत नेता यायला हवे आणि त्यासाठी विजेची जोडणी हाताने सोडवता येणारी असावी.

बसवण्याची रीत या विचारातूनच ठरते. पॅनेल नुसत्या तारेवर कधीही टांगू नये. तार झोळ खाते, पॅनेल हिंदकळते आणि खांबांना आळीपाळीने झटके बसतात. दोन खांबांच्या मध्ये तारेच्या जागी २५ मिलिमीटर व्यासाची ताठ पोलादी नळी बसवावी आणि तिच्यावर रबरी अस्तराचे क्लॅम्प लावून पॅनेलची वरची लांब कड बिजागरीने जोडावी. खालच्या बाजूने दोन सरकत्या दांड्यांचा टेकू खांबांच्या बुडाजवळ द्यावा, म्हणजे भार खांबाच्या मध्यावर येत नाही. कोन पक्का करण्यासाठी फिरकीच्या मुठी आवळण्याची सोय दिसायला सुबक असते. पण मीठ आणि कंप यांमुळे ती घसरते. दांडीत तीन-चार छिद्रे पाडून त्यांत खुंटी अडकवण्याची ओबडधोबड पद्धत अधिक विश्वासार्ह. प्रत्येक खुंटीला दोरी बांधलेली असावी, नाहीतर ती पहिल्याच आठवड्यात तळाशी जाते. खांबांच्या बुडाखाली डेकच्या आतील बाजूस रुंद पोलादी पट्टी आहे की नाही, हे काम सुरू करण्याआधी तपासावे. नसेल तर आधी ती बसवावी, मग पॅनेलचा विचार करावा.

समुद्राच्या हवेत धातूंची निवड हाही कळीचा विषय आहे. पॅनेलची चौकट ॲल्युमिनियमची असते आणि क्लॅम्प स्टेनलेस पोलादाचे. खाऱ्या पाण्याच्या सान्निध्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले की त्यांच्यात सूक्ष्म विद्युतघट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियमचा बळी जातो. बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसू लागली की चौकट आतून खाल्ली जात आहे, असे समजावे. दोन धातूंच्या मध्ये नायलॉनचे वॉशर आणि विलगक लेप घातल्यास हे टळते. पोलाद ३१६ दर्जाचेच घ्यावे. स्वस्तातल्या ३०४ दर्जावर किनाऱ्याच्या हवेत लवकरच तांबूस डाग उमटतात. स्टेनलेसचे नट-बोल्ट कोरडेच आवळले तर आटे एकमेकांत जाम होतात, म्हणून वंगण लावावे. कंपाने नट सैल होऊ नये यासाठी नायलॉनची कडी असलेले नट वापरावेत.

हीच रीत कोकणातील मासेमारी नौकांवर उचलून लावता येईल का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे मच्छीमार नौकांवर संपर्क-ट्रान्सपाँडर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. बोटीवर येणाऱ्या अशा प्रत्येक नव्या उपकरणाबरोबर विजेची गरज वाढते. तथापि मासेमारी नौकेची कड ही जाळे टाकण्याची व ओढण्याची जागा आहे. तेथे बाहेर आलेले पॅनेल म्हणजे जाळ्याला अडकणारा काटा ठरेल. त्या नौकांना केबिनच्या छपरावरील सपाट, पक्के पॅनेल अधिक योग्य आहे, आणि वर दिलेला अक्षांशाचा हिशेब त्यांच्याच बाजूने आहे.

दैनंदिन देखभाल साधी आहे. काचेवर सुकलेले मीठ गोड्या पाण्याने धुवावे. नांगरावर असताना पक्षी कठड्यावर बसतात आणि त्यांची एक विष्ठाही सौरघट झाकते, हे विसरू नये. महिन्यातून एकदा प्रत्येक खांब हाताने हलवून पाहावा आणि डेकच्या खालून ओल आहे का, ते तपासावे. धक्क्याला लागताना मात्र पॅनेल आधी मिटवावे, दोर मग हातात घ्यावा. बाहेर काढलेले पॅनेल बोटीच्या रुंदीबाहेर अर्धा मीटर पुढे आलेले असते आणि धक्क्याच्या खांबाशी किंवा शेजारच्या बोटीशी पहिली गाठ त्याचीच पडते.